डॅनेईची कोठडी, खरोशाची भिंत

स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात १७८७ सालचे एक तैलचित्र आहे. अडॉल्फ उल्रिक वेर्टम्यूलर या स्वीडिश चित्रकाराचे. विषय ग्रीक पुराणातला. डॅनेई नावाची राजकन्या पलंगावर पहुडलेली आहे आणि सोन्याच्या पावसाच्या रूपाने देवराज झ्यूस तिच्याकडे उतरतो आहे. नग्न देह, उजळ त्वचा, वस्त्राच्या मऊ चुण्या. चित्रकाराने हातचे राखून काही ठेवलेले नाही.

आता मागची कथा पाहू. आर्गोसचा राजा अ‍ॅक्रिसियस याला देववाणी झाली की तुझ्या मुलीचा मुलगा तुझा वध करील. राजाने मुलीला काशाच्या कोठडीत डांबले. पुरुषाचे वारेही लागू नये असा बंदोबस्त केला. झ्यूस पाऊस होऊन छतातून झिरपला, पर्सियस जन्मला. राजाने मायलेकांना लाकडी पेटीत घालून समुद्रात सोडले. पेटी सेरिफोस बेटाला लागली, एका कोळ्याने ती ओढून काढली आणि पुढे व्हायचे ते झाले. मोठ्या झालेल्या पर्सियसने खेळात फेकलेली थाळी आजोबाला लागली. देववाणी खरी ठरली.

मराठी वाचकाला ही गोष्ट दोन वाक्यांनंतरच ओळखीची वाटू लागते. आकाशवाणी, बंदिवान आई, भेदरलेला राजा म्हटल्यावर मथुरेचा कारागार आठवला नाही तर नवल. पेटीशी आलो की कुंती आणि नदीत सोडलेला कर्ण. ही ओळख वाटणे हे या विषयाचे प्रवेशद्वार आहे आणि यातला पहिला खड्डाही तोच आहे. कृष्ण मामाला जाणूनबुजून, भर आखाड्यात मारतो. पर्सियसच्या हातून आजोबा मरतो तो अपघाताने. एका कथेत देव अन्याय संपवायला जन्म घेतो, दुसरीत माणूस टाळायला धावतो आणि नियतीच्याच तोंडी पडतो. साम्य दिसले म्हणून लगेच दोन कथांची सोयरीक जुळवू नये, एवढे भान ठेवून पुढे जाऊ.

वेर्टम्यूलरने एवढ्या लांब कथेतला एकच प्रसंग घेतला, सोन्याच्या पावसाचा. देववाणी नाही, पेटी नाही, समुद्र नाही. डोळा आधी देहाकडे जातो. कोठडी हवी असेल तर ती आपण मनाने उभी करायची. ही निवड त्याची एकट्याची नव्हती. कोरेज्जो, तिशियन, रेम्ब्रांट या सगळ्यांनी डॅनेईचा हाच प्रसंग रंगवला. तिशियनने तर माद्रिदच्या प्रादोत असलेल्या चित्रात एक म्हातारी दासी घातली, जी ओच्यात सोने झेलते आहे. देवाचा चमत्कार चालू असताना कुणीतरी नाणी गोळा करणारच, ही त्या चित्रातली खोच मला फार आवडते.

पण सुमारे बावीसशे वर्षे मागे गेलो तर वेगळे दिसते. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात इ. स. पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे एक ग्रीक मद्यपात्र आहे. त्याच्या एका बाजूला पावसाखाली बसलेली डॅनेई आहे. दुसऱ्या बाजूला सुतार ती पेटी तयार करतो आहे, राजा हुकूम सोडतो आहे आणि लेकराला घेऊन आई उभी आहे. सुतार! पुढच्या शतकांतल्या मोठ्या चित्रकारांनी ज्याला सहज वगळले तो कारागीर जुन्या कुंभाराच्या घरच्या चित्रकाराला महत्त्वाचा वाटला. त्याला हत्यारे ठाऊक होती, मजुरी ठाऊक होती, मालकाचा हुकूम म्हणजे काय हेही ठाऊक असणार. कथा तीच, पण आईच्या वाट्याला आलेला धाक एका चित्रात दिसतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो.

हे पुस्तक ज्या अभ्यासाकडे बोलावते आहे तो अभ्यास इथून सुरू होतो. पुराणकथा लांब असते, भिंत किंवा फलक आखूड. कलावंताला निवडावे लागते. काय घेतले याइतकेच काय सोडले हेही वाचावे लागते. आणि जे सोडले ते कळायचे तर कथा आधी आपल्याला येत असली पाहिजे. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याकडे ही पुंजी भरपूर आहे. हरिविजय, पांडवप्रताप, सप्ताहातले कीर्तन, आजीच्या तोंडची गोष्ट हे सगळे या अभ्यासाचे भांडवलच आहे. युरोपातल्या विद्यार्थ्याला ग्रीक कथा पुस्तकातून शिकावी लागते. आपल्याकडे हिरण्यकशिपू कोण हे कुणाला शिकवावे लागत नाही.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झाले, लातूरला त्याचे उपकेंद्र आले. इतिहास, मराठी आणि ललित कला शिकणारी मुले आपापल्या गावाजवळची देवळे पाहू लागली, ही चांगली गोष्ट. अडचण दुसरीच आहे. 'लातूर पॅटर्न'मध्ये तयार झालेल्या मुलांना प्रश्नाचे एक नेमके उत्तर लागते, आणि तेही परीक्षेआधी. इथे तसे होत नाही. एकाच शिल्पाची दोन वाचने शेजारी उभी राहतात आणि दोन्ही पुराव्यानिशी बोलत असतील तर दोन्हींना गुण द्यावे लागतात. नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'ला लिहिलेली प्रस्तावना कादंबरीपासून वेगळी काढूनही वाचली जाते, ती त्यांनी शिवाजी महाराजांविषयीचे मोठे प्रश्न वाचकासमोर मोकळेपणाने उलगडले म्हणून. इतकी उंची गाठण्याची माझी ऐपत नाही. पण प्रस्तावनेने प्रश्न उघडावेत, मिटवू नयेत, हा धडा मी तिथूनच घेतला आहे.

या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला प्रश्न लेसिंग या जर्मन विचारवंताने १७६६ साली 'लाओकून' या ग्रंथात मांडला. कवी घटना एकापुढे एक सांगू शकतो, चित्रकाराला एकाच क्षणावर थांबावे लागते. मग कुठला क्षण? लेसिंगचे म्हणणे असे की कळस गाठलेला क्षण घेऊ नये. त्याच्या अलीकडचा घ्यावा, म्हणजे पाहणाऱ्याची कल्पना पुढे धावते. कळस दाखवला की कल्पनेला जायला जागा उरत नाही.

हा नियम घेऊन वेरूळला जाऊ. पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यातला नरसिंह पाहा. नरसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर उभे आहेत, हात पडला आहे, झुंज आता पेटणार. लेसिंग इथे असता तर खूश झाला असता. पण पुढच्या शतकांतल्या मंदिरांत बहुधा दिसतो तो मांडीवर आडवा टाकलेला दैत्य, फाडलेले पोट, ओढलेली आतडी. सरळ कळसच. मग हे शिल्पकार कच्चे होते असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. लेसिंगचा प्रेक्षक संग्रहालयात उभा आहे. मंदिरातला माणूस दर्शनाला आलेला आहे. त्याला पुढे काय होणार ही उत्सुकता नसते. ते त्याला पाठच आहे. त्याला हवे असते झालेले कार्य, संकट संपल्याची खात्री. त्याच्यासाठी कळसाचाच क्षण योग्य. पाश्चात्त्य कलाविचारातला नियम वापरावा जरूर, पण देवळात शिरताना चपलांबरोबर तोही क्षणभर बाहेर ठेवता आला पाहिजे.

आता आपल्या दारातले उदाहरण. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. जेम्स बर्जेस या सर्वेक्षकाने १८७८ च्या अहवालात त्यांची नोंद केली तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. डोंगरावर रेणुकेचे ठाणे आहे आणि नवरात्रात जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक लेण्यांसमोर थांबतात. खडक जांभा. सच्छिद्र, तांबूस, पावसात झिजणारा. वेरूळच्या काळ्या खडकात शिल्पकाराला पार्वतीच्या बोटांची पकड दाखवता येते, जांभ्यात ती सोय नाही. छिन्नी मारली की कण सुटतात. म्हणून खरोशाचा कारागीर बारकाव्यावर विसंबत नाही. तो मोठ्या हालचालींवर विसंबतो. वर उचललेला हात, वाकलेली कंबर, डोंगराखाली टेकलेला रावण एवढ्यावर प्रसंग ओळखू आला पाहिजे.

कैलास हलवणारा रावण हा विषय वेरूळलाही आहे आणि खरोशालाही. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातल्या प्रसिद्ध शिल्पात पार्वती घाबरून शिवाला बिलगते, दासी पळत सुटते, शिव मात्र शांत आणि पायाच्या दाबाने डोंगर पुन्हा बसवतो आहे. एकाच दगडात घबराट, पलायन आणि स्थैर्य अशा तीन गती आहेत. खरोशाला हा थाट मागू नये. तिथे जाऊन 'वेरूळची गरीब बहीण' म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला तो आळस वाटतो. दगड काय देऊ शकतो हे न विचारता शिल्पाला गुण देणे म्हणजे घोंगडीला पैठणीच्या मापाने मोजणे. खरोशाला विचारायचे ते हे: इतक्या अवघड दगडात कोरायचे ठरल्यावर तिथल्या कारागिरांनी रामायण-महाभारतातले, कृष्णकथेतले नेमके कुठले प्रसंग निवडले? गोवर्धन का? नरसिंह का? शेजारी शेजारी कुठले ठेवले? अंधाऱ्या बाजूला कुठले आणि उजेडात कुठले? अशी नोंद करायला पैसा लागत नाही. वही, टेप आणि सकाळची दोन-तीन तासांची तिरपी किरणे पुरतात. झिजलेल्या शिल्पाची कड तिरप्या उन्हातच दिसते, दुपारी सगळे सपाट होते.

नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातले होट्टल पाहिले की प्रश्न बदलतो. तिथले सिद्धेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. गावकरी त्याला 'हेमाडपंती' म्हणतात, मुखेडच्या देवळालाही आणि निलंग्याच्या नीळकंठेश्वरालाही. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. ही देवळे बहुतांश त्याच्या आधीची. नाव चुकीचे असले तरी त्यात राग धरण्यासारखे काही नाही. पण अभ्यासकाने तेच लिहिले तर मात्र गुण कापावेत. या परिसराची मंदिरे शिस्तीने अभ्यासणाऱ्यांत गो. बं. देगलूरकरांचे नाव आधी घ्यावे लागते. महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्य आणि शिल्पांवरचा त्यांचा ग्रंथ १९७४ साली आला. मराठीत मूर्तिशास्त्र शिकायचे तर नी. पु. जोशींचे 'भारतीय मूर्तिशास्त्र' हाताशी ठेवावे.

होट्टलच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींना कथा नसते. त्या काही 'करत' असतात, पण त्यांच्या बाबतीत काही 'घडत' नाही. निलंग्याची हरगौरीही तशीच. देव-देवी एकमेकांशेजारी बसले आहेत आणि ते बसणे कालातीत आहे. रावण डोंगर हलवतो तो एका क्षणी. हरगौरी बसली आहे ती कायमची. पहिला प्रसंग, दुसरी प्रतिमा. नवखा अभ्यासक इथे हमखास घसरतो आणि प्रत्येक मूर्तीमागे गोष्ट शोधू लागतो.

माहूर या दोन्हींच्या पलीकडे जाते. रेणुकेची कथा जितकी थरारक तितकी क्वचितच दुसरी असेल. पतीची आज्ञा, मुलाच्या हातचा परशू, आईचे मस्तक. आणि गाभाऱ्यात काय आहे? फक्त मुख. परशुराम नाही, परशू नाही, जमदग्नी नाही. सगळी कथा एका चेहऱ्यात आटून बसली आहे आणि ज्याला ती ठाऊक नाही त्यालाही तो चेहरा तितकाच बघतो. ग्रीकांकडे पर्सियसने कापलेले मेड्यूसाचे मस्तक आहे, ज्याच्याकडे पाहताच माणूस दगड होतो. ढाली, दारे, नाणी यांवर ते एकटेच येते, कथेतून सुटलेले. इथेही तुलनेचा मोह होतो. पण एक मस्तक भय घालते, दुसऱ्याची ओटी भरली जाते. एवढ्यावरून दोन संस्कृतींचा स्वभाव ठरवणारे लेख मी वाचलेले आहेत. त्यातले बरेचसे लेखकाच्याच स्वभावाविषयी सांगतात.

वेर्टम्यूलरकडे परत येतो, कारण त्याच्या चित्राचे पुढे जे झाले ते या विषयाचा दुसरा भाग समजायला उपयोगी आहे. हा माणूस स्टॉकहोमला १७५१ साली जन्मला, पॅरिस आणि रोममध्ये शिकला, फ्रेंच अकादमीचा सदस्य झाला. त्याने १७८५ साली मारी अँत्वानेत राणीचे मुलांसोबतचे चित्र रंगवले. चार वर्षांनी क्रांती झाली आणि दरबारी चित्रकाराची बाजारपेठच उठली. स्पेनमार्गे तो १७९४ साली फिलाडेल्फियाला गेला, जॉर्ज वॉशिंग्टनचे चित्र काढले, मध्यंतरी स्वीडनला जाऊन पुन्हा अमेरिकेत आला आणि १८०६ पासून तिकीट लावून डॅनेई दाखवू लागला. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या नजरेसाठी घडलेला देह एका नव्या, धर्मभीरू शहरात पैसे देऊन बघण्याची वस्तू झाला. लोक नाक मुरडत आणि रांग लावत. चित्र तेच राहिले. दालन बदलल्याबरोबर त्याचा अर्थ बदलला.

राजा रविवर्म्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने पुराणप्रसंगांची मालिका रंगवली. त्यात 'कंसमाया' आहे. कंसाच्या हातून निसटून योगमाया वर जाते, तो क्षण. वेर्टम्यूलरची डॅनेई शेजारी ठेवून पाहा. दोन्ही कथांत बंदिवान आई, देववाणीला भ्यालेला राजा, वरून उतरणारी किंवा वर जाणारी दैवी शक्ती. एकाने देवाच्या आगमनाचा क्षण निवडला, दुसऱ्याने राजाच्या पराभवाचा. युरोपात ग्रीक पुराण हा नग्न देह रंगवण्याचा परवाना होता. रविवर्म्याच्या हाती भारतीय पुराण हा स्त्रीदेह अब्रूने घरात आणण्याचा परवाना झाला. देवींना साडी नेसवली, तीही पुष्कळदा मराठी वळणाची. मुंबईला १८९४ साली सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्याने ते चेहरे घराघरांत पोचवले. आपल्या देवघरातली लक्ष्मी अशी का दिसते याचे बरेचसे उत्तर त्या छापखान्यात आहे. त्याआधी पैठण शैलीची चित्रे होती, गावोगाव पोथी लावून एकामागून एक चित्र उलटत गोष्ट गाणारा चित्रकथी होता. त्याला एकच क्षण निवडण्याची सक्तीच नव्हती, कारण पुढचे पान त्याच्या हातात असे. लेसिंगला चित्रकथी भेटला असता तर 'लाओकून'चे एखादे प्रकरण वेगळे झाले असते.

ग्रीक कथा आणि आपला मुलूख यांची गाठ मी उगाच मारतो आहे असे वाटत असेल तर कोल्हापूरला जा. १९४० च्या दशकात तिथल्या ब्रह्मपुरी टेकाडावर काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. नंतर ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. त्या साठ्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या वस्तू आहेत. समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली सुंदर मूर्ती आहे आणि उठावाचे काम केलेली एक चकती आहे. चकतीवर पर्सियस अँड्रोमेडाला सोडवतो आहे. डॅनेईचा तोच मुलगा. खडकाला साखळदंडाने बांधलेली राजकन्या, समुद्रातला राक्षस, वरून उतरलेला वीर हा प्रसंग सातवाहनांच्या काळात पंचगंगेच्या काठी पोचला होता. तिथल्या माणसाने त्यात काय पाहिले असेल? पर्सियस हे नाव त्याला माहीत असण्याचे कारण नाही. नाव आणि कथा वजा केल्यावर प्रसंग किती उरतो, हे मोजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला महाराष्ट्रात ठाऊक नाही.

माल एकाच दिशेने जात नव्हता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात पैठण आणि तगर यांची नावे आहेत. तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई, तिथून जहाजात. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे तेर. इटलीत पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या. पाँपेईची मूर्ती सापडताच तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले. पुढच्या अभ्यासकांनी शंका काढल्या. यक्षी म्हणा, दरबारी स्त्री म्हणा, आरशाची मूठ म्हणा, वाद चालू राहिला. तिच्या हाती कमळ नाही, हत्ती नाहीत, कथेकडे नेणारी कुठलीच खूण नाही. तरी नाव आधी चिकटले आणि पाहणे नंतर सुरू झाले.

नेपल्सच्या संग्रहालयातली ती मूर्ती पाहायला पासपोर्ट लागतो. तेरची तिची बहीण रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे, लातूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत पाहून होते. जाताना पुस्तके घरी ठेवा. आधी केस कसे बांधले आहेत, दागिने कुठे आहेत, मागच्या बाजूला काय कोरले आहे, वरून भोक आहे का, असेल तर ते कशासाठी असावे, हे सगळे वहीत उतरवा. ती कोण आहे हा रकाना मात्र त्या दिवशी कोरा सोडा.